चार दिवसांची रजा आणि एकवीस किलोमीटर बर्फ

पत्र:

काका, नमस्कार. वय ४१, राहणार अनगोळ, बेळगाव. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. तीन वर्षं झाली, रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात पळतो. दहा किलोमीटर ६४ मिनिटांत होतात. एक हाफ मॅरेथॉन केलीय, दोन तास पंचवीस मिनिटं लागली. आमच्या ग्रुपातल्या चौघांनी मार्चमध्ये हिमाचलात सिस्सूच्या स्नो मॅरेथॉनला जायचं ठरवलंय आणि मी २१ किलोमीटर धरलंय. बेळगावात बर्फ बघितला तो उसाच्या रसाच्या गाड्यावरचा. सराव करायचा कसा? बूट कुठले, जॅकेट केवढ्याचं? एक मित्र म्हणतो, आईस्क्रीमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रोज अर्धा तास उभा राहा. बायको म्हणते, "पन्नास हजार घालून बर्फात पडायला कशाला जाऊलासा?" आई स्वेटर विणायला बसलीय. बीपीची एक गोळी सकाळी चालू आहे, बाकी ठणठणीत. रजा चारच दिवस मिळेलसं दिसतंय, विमानानं जाऊन येतो. चालेल ना?

– बर्फ न बघितलेला एक पळणारा

उत्तर:

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बूट-जॅकेटच डोळ्यात भरलं. दुसऱ्यांदा शेवटच्या दोन ओळींवर अडकलो. बीपी आणि रजा तुम्ही जाता जाता लिहून टाकलीत, आणि खरं विचारण्यासारखं होतं ते तेवढंच. म्हणून आधी तिकडूनच सुरुवात करतो. बुटांचं नंतर.

चार दिवसांत चालणार नाही. २१ किलोमीटरला तर नाहीच.

कसं ते बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर. सिस्सू दहा हजारांच्या आसपास. हवेचा दाब समुद्रकाठी शंभर धरला तर आपल्याकडे नव्वदच्या थोडा वर आणि तिथं सत्तरच्या थोडा खाली. म्हणजे अनगोळात एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्यातला चौथा हिस्सा तिथं गायब. बर्फ नसता, डांबरी रस्ता असता, तरी तुमचे ६४ मिनिटांचे दहा किलोमीटर तिथं झाले नसते. शरीर याला जुळवून घेतं, पण आपल्या रजेच्या अर्जाप्रमाणे नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते श्वास वाढवतं, लघवी वाढवतं, झोप मोडतं. रक्त दाट व्हायला काही आठवडे जातात. त्या आठवड्यांचा विचार तुम्ही करू नका, पण पहिले काही दिवस तरी शरीराला दिलेच पाहिजेत.

मी लष्करात होतो हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. आमच्याकडे नऊ हजार ते बारा हजार फुटांसाठी सहा दिवसांचा नियम. पहिले दोन दिवस विश्रांती, नुसतं छावणीत फिरायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर चालणं. पाचव्या-सहाव्या दिवशी जरा लांब चाल आणि थोडी चढण. त्यापुढं बारा ते पंधरा हजारांसाठी आणखी चार दिवस, आणि पंधराच्या वर जायचं तर पुन्हा चार. साहेब असो की जवान, सगळ्यांना सारखंच. सुट्टी काढून आलेला जुना माणूससुद्धा पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. हा नियम कंटाळवाणा वाटायचा, आणि तो मोडायची हौस नेमकी सगळ्यात तंदुरुस्त पोरांना असायची. कॅम्पातल्या मैदानावर सगळ्यांच्या पुढं पळणारी पोरं वर गेल्यावर सगळ्यांच्या आधी डोकं धरून बसलेली मी बघितलीत. दम चांगला असला म्हणजे उंचीचा आजार होत नाही, असं काही नाही. उलट दमदार माणूस स्वस्थ बसत नाही, म्हणून जास्त सापडतो.

तुमचा बेत मी मनातल्या मनात मांडून बघितला. गुरुवारी विमानानं दिल्ली, रात्रीच्या बसनं मनाली, शुक्रवारी दुपारी अटल बोगद्यातून पलीकडं सिस्सू, शनिवारी सकाळी २१ किलोमीटर. बसमधली झोप ती झोप नव्हे. मनाली साधारण पावणेसात हजार फुटांवर, तिथं एक रात्रही काढली नाही. ९.०२ किलोमीटरचा बोगदा पंधरा-वीस मिनिटांत संपतो आणि तुम्ही एकदम लाहौलात, चंद्रा नदीच्या काठावर. ऑक्टोबर २०२० मध्ये बोगदा सुरू व्हायच्या आधी हिवाळ्यात तिकडं रस्त्यानं जाताच येत नव्हतं, रोहतांगची खिंड बंद. आता सोय झालीय, पण सोय झाली म्हणून फुप्फुसाला कुणी सांगितलेलं नसतं.

माझा हिशेब असा. मनालीत दोन रात्री. मग सिस्सूत किमान तीन, जमल्यास चार. त्यातला पहिला दिवस नुसता चहा पीत बसण्याचा. तिथल्या दुसऱ्या दिवशी, आणि चार रात्री मिळाल्या तर तिसऱ्याही दिवशी, वीस-तीस मिनिटं बर्फावर चालायचं, मधेमधे हलकं पळायचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी काही नाही. परतीला एक दिवस राखीव, कारण मार्चमध्येही मोठी बर्फवृष्टी झाली की रस्ता अडतो. येणं-जाणं धरून दहा दिवस होतात. रविवार आणि सणाची सुट्टी जोडून सात-आठ दिवसांची रजा मागा. आत्ताच मागा, फेब्रुवारीत नको. मार्चअखेर म्हणजे कारखान्यात काय धावपळ असते ते मला माहीत आहे, म्हणून तर आत्ता. चार दिवसच मिळाले तर नाव १० किंवा ५ किलोमीटरला बदलून घ्या आणि हिंडत-फिरत पूर्ण करा. त्यात काही कमीपणा नाही. यंदाची तारीख आणि अंतरं आयोजकांकडून पक्की करून घ्या. तिथली पहिली स्नो मॅरेथॉन मार्च २०२२ मध्ये झाली. प्रकार नवा आहे, आणि बर्फ कसा पडतो त्यावर मार्गही बदलू शकतो.

आता बीपी. "एक गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत" हे वाक्य मी आजवर इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की त्यावर वेगळं सदर निघेल. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. उंचीवरही सुरुवातीला चढतं. दोन्ही एकदम झालं, वर पळणं, वर बर्फ. शिवाय गोळी कुठली आहे यावरही बरंच अवलंबून. काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत आणि हातपाय गार पाडतात. तुम्ही हातातलं घड्याळ बघून ठोके मोजत असाल तर ते तिथं तुम्हाला फसवेल. काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, आणि वर पाणी आधीच कमी पडतं. त्यामुळं गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, सगळा बेत सांगा, "दहा हजार फूट, शून्याखाली, तीन-साडेतीन तास" असे शब्द वापरून सांगा. ईसीजी आणि ट्रेडमिलवरची तपासणी ते बहुधा सांगतीलच. उंचीच्या आजारासाठी घेतात ती डायमॉक्स नावाची गोळी बरोबरचे कुणी ना कुणी खिशात घेऊन येणारच. ती तुम्हाला चालते का, तुमच्या गोळीबरोबर चालते का, सल्फाची ॲलर्जी आहे का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मित्राच्या पाकिटातली तोडून घ्यायची नाही.

हे दोन विषय मार्गी लागले असं धरून सरावाकडं वळतो. इथं मात्र माझ्याकडं सांगण्यासारखं भरपूर आहे, आणि ते सगळं बेळगावातच होण्यासारखं आहे.

आधी कोल्ड स्टोरेजवाल्या मित्राला माझा नमस्कार सांगा. तिथं अर्धा तास उभं राहून हातपाय गारठतील, सराव होणार नाही. थंड पाण्याची आंघोळही मनाच्या समाधानापुरती. थंडी सहन करायची नसते, कपड्यांनी अडवायची असते. सराव करायचा तो पायाखालच्या जमिनीचा.

आपल्याकडं सगळ्याला एकच शब्द, बर्फ. तिथं पायाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. ताजा पडलेला मैद्यासारखा असतो, पाय आत जातो. माणसांनी आणि गाड्यांनी दाबलेला घट्ट, त्यावर पळता येतं. रात्री गोठलेला पहाटे करकरीत, वरचा पापुद्रा मोडतो आणि पाय मधेच अडकतो. आणि ऊन चढलं की मिठाच्या ओल्या ढिगासारखा पचपचीत. मार्चमध्ये एकाच शर्यतीत हे चारही भेटतात: सुरुवातीला करकरीत, शेवटच्या पाच किलोमीटरला पचपचीत. याशिवाय पाचवी चीज म्हणजे काचेसारखा गोठलेला पारदर्शक थर, सावलीतल्या वळणावर, पाणी ओघळून गोठतं तिथं. त्यावर पळायचं नाही, चालायचं. मी म्हणतो म्हणून नव्हे, तुमचं मनगट तुमचं आहे म्हणून.

भुसभुशीत बर्फासारखी आपल्याकडं काय आहे? तालमीतली तांबडी माती. तुमच्या जवळपासच्या कुठल्याही तालमीच्या वस्तादांना भेटा, आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं मातीत फिरू द्या म्हणावं. अनवाणी, पाय धुऊन; बूट घालून त्या मातीत पाऊल टाकलंत तर पुढचं मला विचारू नका. आधी नुसतं चाला, मग जागच्या जागी पळा, मग एका पायावर उभं राहून दुसरा पाय हलवा. घोट्याच्या बाजूचे बारीक स्नायू डांबरी रस्त्यावर झोपलेले असतात, ते मातीत जागे होतात. तिथंच बैठका आणि सपाट्याही शिकून घ्या. चढावर बर्फात जांघा आणि कंबर आधी जाते, दम नंतर.

आणि वस्तादांकडून आणखी एक गोष्ट मागा. पडायला शिकवा म्हणावं. बायको म्हणते ते बरोबरच आहे, तुम्ही पडणार आहात. नवशिका पडताना हात पुढं टेकतो आणि मनगट मोडून घेतो. पैलवान हनुवटी छातीला लावतो, अंग सैल सोडतो, खांद्याच्या मागच्या बाजूनं लोळण घेतो. महिनाभर मातीत हे केलंत तर बर्फात विचार न करता होईल.

वाळू ही दुसरी जागा. गोव्याचा किनारा आपल्याला जवळ. चार महिन्यांत दोन-तीनदा तरी चक्कर होतेच की. तेव्हा किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत, ओल्या कडक पट्ट्यावर नव्हे, पहिल्यांदा दहा मिनिटं आणि पुढच्या खेपेला वीस मिनिटं पळा. एकदम जास्त नको, पोटरी आणि टाच दुखावते. पाय मागं रेटला की वाळू सरकते, रेटा वाया जातो. बर्फातही हेच. म्हणून पाऊल लहान करा, पाय शरीराच्या खालीच पडू द्या, पुढं फेकू नका. टाचेनं ब्रेक लावायची सवय असेल तर ती इथंच सोडा. हात थोडे बाहेर, नजर पाच-सहा पावलं पुढं. पुढच्या माणसाच्या पावलांचे ठसे असतील तर त्यातच पाय टाकायचे.

चढासाठी येळ्ळूरहून राजहंसगडाचा रस्ता आहेच. आठवड्यातून एकदा, चढ पळत आणि उतार चालत. नंतर नंतर उतारही बारीक पावलांनी पळत. महिन्यातून एकदा देवरवाडीच्या वैजनाथाचा डोंगर, पण तिथं घाई नको, लांबची चाल म्हणून. भातकापणी झालेल्या शेतात पळा असं कुणी सांगेल. धसकटं आणि बांध बघून पळा, नाहीतर घोटा मुरगळून शर्यत डिसेंबरातच संपेल. पावसाळ्यात पत्र आलं असतं तर खानापूर-जांबोटीच्या बाजूच्या तांबड्या चिखलात महिनाभर पाठवलं असतं तुम्हाला. जांभ्याच्या ओल्या वाटेइतकी बर्फाच्या जवळची घसरण दुसरीकडं नाही. ती संधी आता पुढच्या जूनला.

बाकी पळणं जसं चाललंय तसं चालू दे. आठवड्याला तीस किलोमीटर असेल तर हळूहळू चाळीसपर्यंत न्या. रविवारची लांब चक्कर किलोमीटरवर मोजायची सोडा, तासांवर मोजा. दीड तासापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत अडीच-पावणेतीन तासांवर या, मधे चालण्याचे तुकडे टाकून. बर्फातले तुमचे २१ किलोमीटर अडीच तासांत होणार नाहीत. तीन, कदाचित साडेतीन. एवढा वेळ पायावर राहायची सवय पाहिजे. शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे सगळं निम्म्यावर आणा.

वेगाचं एक सांगतो. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एक कन्नड मित्र आहे, कुणी जोरात निघालं की मागून ओरडतो, "निधान, निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. आपल्याकडं जुन्या मराठीत निधान म्हणजे पुरलेला ठेवा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ह्याला पैशाचं मडकं सापडलं की काय. तर सिस्सूला पहिले पाच किलोमीटर ह्या माणसाचं ऐका. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, मधे श्वास न घेता. नाही आलं तर चाला. घड्याळ खोलीत ठेवलंत तर उत्तमच.

आता बूट-जॅकेट. इथं तुमच्या सौभाग्यवतींच्या बाजूनं मी आहे. वीस हजारांचं फुगीर जॅकेट घेऊ नका. ते उभं राहायला असतं, पळायला नाही. त्यात दोन किलोमीटरवर घामानं भिजाल, आणि भिजलेला माणूस थांबला की गोठतो. तीन पातळ थर घ्या. अंगालगत सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा टी-शर्ट, त्यावर पातळ फ्लीस (लोकरीसारखं मऊ सिंथेटिक कापड), वर वाऱ्याला अडवणारं हलकं विंडचीटर, चेन असलेलं. स्कूटरवर घालायचा रेनकोट चालत नाही, आतला घाम बाहेर जात नाही. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स घरी. सुरुवातीच्या रेषेवर जरा थंडी वाजलीच पाहिजे. ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय.

वारा मात्र हलका घेऊ नका. पारा उणे दहा आणि वारा ताशी तीस किलोमीटर असला तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं. नदीच्या खोऱ्यात वारा एका दिशेनं येतो. जाताना पाठीवर असला तर येताना तोंडावर. जास्तीची चेन, जास्तीची टोपी त्यासाठी. बोटांचे मोजे घेण्यापेक्षा चारही बोटं एकत्र राहतात ते घ्या, आत एक पातळ. तोंडावर गळपट्टी नाकापर्यंत. गार कोरडी हवा थेट आत गेली की खोकल्याची उबळ येते, दमेकऱ्याला तर हमखास. चेहऱ्याला व्हॅसलिन लावून कातडी फुटायची वाचते, हिमदंश वाचत नाही, एवढं लक्षात ठेवा.

बूट ट्रेलचे, म्हणजे डोंगरवाटेवर पळायचे, खाली खोल दातांचे. मोज्यांसकट बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त पोचत नाही आणि पहिली बोटं जातात ती तिथं. रबर थंडीत कडक होतं, म्हणून गुळगुळीत तळव्याचा रोडचा बूट कितीही भारी असला तरी नको. बुटावर ताणून चढवायच्या साखळ्या मिळतात, खाली पोलादी दात असलेल्या. दाबलेल्या आणि काचेसारख्या बर्फावर त्या फार उपयोगी. एक जोडी घ्या, आणि इथं ओल्या गवताच्या उतारावर एकदोनदा घालून बघा. शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा नको. मनालीच्या रस्त्याकडेला भाड्यानं मिळणारे मोठे गमबूट आणि रंगीत सूट फोटोसाठी आहेत. काळा गॉगल मात्र चांगला घ्या, बाजूनं बंद असलेला. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि डोळे दुपारी नाही, रात्री दुखायला लागतात, वाळू गेल्यासारखे. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या खालीही. ऊन तिथं खालून येतं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. तहान लागत नाही, तरी प्यायचं. बाटलीतलं पाणी वरून गोठायला लागतं, म्हणून कोमट भरून उलटी ठेवा, जमल्यास जॅकेटच्या आत. बेळगावची माणसं आहात, कुंदा घेऊन जाणारच. न्या, तिथल्या लोकांना द्या. शर्यतीत चिक्की नको. थंडीत ती अशी कडक होते की दात हलतो. खजूर बी काढून, गूळ-शेंगदाण्याचे बारीक लाडू, आतल्या खिशात अंगाच्या उबेला. आणि ग्रुपात कुणीतरी "दोन घोट मारू, गरम होतं" म्हणणारा असतो. दारूनं कातडीकडं रक्त धावतं, गरम वाटतं, आणि अंगातली खरी ऊब बाहेर जाते. परत आल्यावर काय करायचं ते करा.

धोक्याच्या खुणा मात्र पाठ करून जा, चौघांनीही. एकमेकांवर लक्ष ठेवायचं आहे, कारण स्वतःला कळत नाही. जोडीदार बोबडं बोलू लागला, अडखळू लागला, चेन लावता येईना, हातातलं गळू लागलं, तर त्याचं शरीर थंड पडतंय. त्याची शर्यत तिथं संपली. आडोशाला न्या, ओले कपडे बदला, गोड कोमट प्यायला द्या आणि आयोजकांच्या माणसाला हाक मारा. बोट, नाक, कान पांढरं-मेणासारखं पडलं आणि बधिर झालं तर चोळायचं नाही. बर्फानं तर मुळीच नाही, ही जुनी समजूत अजून जिवंत आहे. शेकोटीवरही धरायचं नाही, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. काखेत धरा, डॉक्टरकडं जा. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी आणखी वर नाही, पळणंही नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा सरळ रेषेत पावलं टाकता येईनात, तर रात्र असो की पहाट, गाडी काढायची आणि बोगद्यातून खाली मनालीला यायचं. "सकाळपर्यंत बघू" नको.

आणि शर्यत संपल्यावरची पाच मिनिटं. माझ्या डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट डिसेंबर लागला की अजून बधिर होतं. एका गस्तीहून परत आलो, चहा मिळाला, गप्पा रंगल्या आणि ओले मोजे अर्धा तास पायात राहिले. गस्तीत काही झालं नव्हतं. झालं ते चहाच्या वेळी. कोरडे मोजे पिशवीतच होते, तेव्हा चूक माझीच. म्हणून तुमच्या पिशवीत सगळ्यात वर कोरडे मोजे, बनियन, टोपी. रेषा ओलांडली की आधी कपडे, मग फोटो.

सराव म्हणून एकट्यानं कुठल्या उतारावर बर्फात चढू नका. लाहौलात हिमस्खलन नवं नाही. आखलेला मार्ग सोडायचा नाही. आणि तुमच्यातला कुणी आत्ताच "पुढच्या वर्षी पँगाँग" म्हणत असेल तर त्याला थोडं बसवा. लडाखमधल्या त्या गोठलेल्या तळ्यावर २० फेब्रुवारी २०२३ ला लुकुंग ते मान अशी २१ किलोमीटरची शर्यत झाली, गिनीजमध्ये नोंद झाली, सगळं खरं. पण ती जागा १३,८६० फुटांच्या आसपास, आणि हवा समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के. आधी सिस्सू पचू दे.

सौभाग्यवतींना काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच दिसतं की जॅकेटचे वीस हजार वाचले तर त्यात राहण्याचे जास्तीचे दिवस निघतात. डॉक्टरांकडं जाताना त्यांनाही बरोबर घेऊन जा. डॉक्टरांनी काय सांगितलं हे तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी स्वतः ऐकलेलं बरं.

साहेबांशी बोलून रजेचं काय ठरलं ते कळवा. आणि आईंचा स्वेटर न्याच. पळताना नाही, पळून झाल्यावर घालायला. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. त्यांना फक्त सांगा, गळा जरा मोठा ठेवा आणि बाह्या लांब. आतल्या दोन थरांवरून आणि गारठलेल्या हातांनी तो चढला पाहिजे.